स्पेनमधलं बिऱ्हाड आणि जुना लॅपटॉप: लिनक्स, डिजिटल प्रमाणपत्र आणि घरचा सर्व्हर

स्पेनमध्ये राहायला आलेल्या माणसाला सरकारी कामं ऑनलाइन करायची तर मुख्यतः दोन रस्ते असतात: मोबाइलवरचं 'क्लावे', म्हणजे सरकारची ओळख पटवण्याची सेवा, किंवा संगणकात बसवलेलं डिजिटल प्रमाणपत्र. भारतात आधारचा ओटीपी फोनवर येतो, त्यामुळे लॅपटॉप दर महिन्याला फॉरमॅट केला तरी काही अडत नाही. इथे प्रमाणपत्राची खासगी किल्ली, म्हणजे सही करणारा गुप्त संकेत, संगणकाच्या डिस्कवर असते. डिस्क पुसली की तीही गेली, आणि पुन्हा वेळ घेऊन कचेरीत जाणं आलं. सतत काहीतरी उलटसुलट करून पाहणाऱ्याला हे सगळ्यात जास्त नडतं. म्हणून कामांचा क्रम महत्त्वाचा: आधी यंत्र पक्कं करायचं, मग प्रमाणपत्र मागवायचं, त्याची प्रत काढून ठेवायची आणि मगच पुढचे उद्योग. जमलं तर ते उद्योग दुसऱ्या यंत्रावर.

वीज आणि वायरी

भारतात आणि स्पेनमध्ये वीज सारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. अडतो तो फक्त प्लग. इथलं सॉकेट 'शुको' पद्धतीचं असतं: दोन गोल भोकं आणि अर्थिंगसाठी बाजूला दोन पट्ट्या. भारतातला तीन गोल पिनांचा प्लग त्यात जात नाही. त्यावर ॲडॉप्टर लावून वर्षानुवर्षं चालवण्यापेक्षा वायरच बदला. स्वस्त ॲडॉप्टरमध्ये अर्थिंग बऱ्याचदा जोडलेलंच नसतं, शिवाय जड प्लग लोंबकळून सैल होतो. लॅपटॉपच्या चार्जरला मागे तीन भोकांची 'मिकी माऊस' वायर लागते, मॉनिटर आणि डेस्कटॉपला नेहमीची जाड वायर. दोन्ही कोपऱ्यावरच्या फेर्रेतेरियात, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात, किंवा 'चिनी बाजारा'त, म्हणजे चिनी लोकांच्या स्वस्त किरकोळ दुकानात, मिळतात.

जुन्या इमारतींत काही सॉकेटांना अर्थिंगच नसतं. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर आधी याचाच संशय घ्या. चार्जरमधल्या फिल्टरचा किरकोळ गळका प्रवाह अर्थिंग नसल्यामुळे तुमच्या हातातून जायला बघतो. सॉकेट स्वतः उघडू नका. घरमालकाला कळवा, आणि तोवर त्याच घरातलं अर्थिंग असलेलं सॉकेट शोधा.

दुसरा मुद्दा 'पोतेन्सिया कोन्त्रातादा'चा. इथे वीजबिलात युनिटांखेरीज एकाच वेळी किती किलोवॅट ओढायची परवानगी आहे त्याचेही पैसे असतात. भाड्याच्या छोट्या घरात बहुधा ३.४५ किंवा ४.६ किलोवॅट, म्हणजे १५ किंवा २० अँपिअर. ओव्हन, गिझर आणि वॉशिंग मशीन एकदम लागलं की स्मार्ट मीटर घराची वीज तोडतो. गंमत अशी की घरातल्या पेटीत सगळे स्विच वरच असतात, त्यामुळे नवा माणूस शेजाऱ्यांकडे वीज आहे का ते बघत फिरतो. उपाय सोपा आहे: पेटीतला मुख्य स्विच खाली पाडा, काही सेकंद थांबा, पुन्हा वर करा, आणि त्याआधी एखादं जड उपकरण बंद करायला विसरू नका. ही अचानक जाणारी वीज सर्व्हरच्या डिस्कला मारक ठरते. म्हणूनच खाली सर्व्हरसाठी जुना लॅपटॉप सुचवला आहे, त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस.

लॅपटॉप कोणता घ्यायचा

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यास सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष फुकट आहेत, पण त्यापुढे नाहीत. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढेच चालतं, एखाददुसरा अपवाद सोडला तर. परिणामी सहाव्या-सातव्या पिढीचे ऑफिसातून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक स्वस्तात मिळतात, आणि लिनक्सला, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीला, ते उत्तम चालतात. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरे.

दुकानातून घेतलेल्या नव्या वस्तूला स्पेनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून तीन वर्षांची कायदेशीर हमी आहे. वापरलेल्या वस्तूला दुकानदार ही मुदत कमी करू शकतो, पण एका वर्षाच्या खाली नाही. वालापॉप या जुन्या वस्तूंच्या ॲपवर खासगी माणसाकडून घेताना ही दुकानाची हमी मिळत नाही, म्हणून थोडे जास्त पैसे देऊन रिकंडिशन करणाऱ्या दुकानातून घेणं शहाणपणाचं. हातात घेतल्यावर तीन गोष्टी तपासा: बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीला, जुन्या कंपनीचा पासवर्ड शिल्लक नाही ना, बॅटरी फुगलेली नाही ना, आणि कळफलक कुठल्या भाषेचा आहे.

लिनक्स बसवताना

या कामासाठी लिनक्स मिंट २२ निवडावं. त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. पण निवडीचं खरं कारण फायरफॉक्स. उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारात फायरफॉक्स 'स्नॅप' स्वरूपात येतो, म्हणजे तो बंदिस्त कप्प्यात चालतो, आणि स्पॅनिश सरकारची सही करायची आज्ञावली त्या कप्प्यातल्या प्रमाणपत्रांपर्यंत पोहोचताना अडू शकते. मिंटमध्ये तो साध्या पॅकेजच्या रूपात असतो. उबुंटूच हवं असेल तर स्नॅप काढून मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातून फायरफॉक्स बसवा, तेही प्रमाणपत्र मागवण्याच्या आधी.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंटची आयएसओ फाइल उतरवून तिची चेकसम, म्हणजे फाइल अखंड असल्याची खूण, पडताळा, ती पेनड्राइव्हवर लिहा. लेनोवो आणि डेलमध्ये सुरू करताना एफ-१२, एचपीत एफ-९ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. डिस्कची निवड करताना प्रगत पर्यायांत एन्क्रिप्शन चालू करा. हा टप्पा गाळू नका, कारण या डिस्कवर तुमची कायदेशीर सही राहणार आहे. लॅपटॉप ट्रेनमध्ये विसरला आणि डिस्क उघडी असली तर सापडेल त्याच्या हाती ती जाते.

कळफलक: न्ये, ॲट आणि मराठी

स्पॅनिश कळफलकावर 'एल'च्या उजवीकडे 'न्ये' असते. ॲटचं चिन्ह उजवा ऑल्ट आणि २ दाबून, त्याच ऑल्टसोबत हॅश ३ दाबून, उभी रेघ १ दाबून आणि युरोचं चिन्ह 'ई' दाबून मिळतं. स्वराघाताच्या कळा मेल्यासारख्या वागतात: एकदा दाबून काहीच उमटत नाही, पुढच्या अक्षरासोबत ते चिन्ह येतं. टर्मिनलमध्ये काम करणाऱ्याने एकट्या चिन्हासाठी कळ दाबून मग स्पेस दाबायची.

मराठीसाठी मिंटच्या कळफलक सेटिंगमध्ये दोन सोयीचे पर्याय आहेत: सुधारित इन्स्क्रिप्ट, आणि रोमन उच्चारावरून टंकणाऱ्यांसाठी 'कगप' ध्वन्यात्मक. दोन्हींना वेगळी आज्ञावली लागत नाही. यादीत स्पॅनिश पहिला ठेवा आणि मराठी दुसरा. क्रम उलटा झाला तर पासवर्डच्या खिडकीत देवनागरी टंकली जाते, ठिपक्यांमुळे ते दिसत नाही, आणि पासवर्ड चुकतोय कसा हे कोडं सुटत नाही. त्याच कारणाने प्रमाणपत्राच्या पासवर्डात न्ये, स्वराघाताची अक्षरं किंवा देवनागरी कधीही घालू नये. दुसऱ्या कळफलकावर तो टंकता येत नाही.

डिजिटल प्रमाणपत्र

हे देते एफएनएमटी, म्हणजे स्पेनची नाणी पाडणारी सरकारी टांकसाळ. व्यक्तीसाठीचं प्रमाणपत्र फुकट आहे आणि चार वर्षं चालतं. ते लागतं कशाला याचं भारतीयांसाठी एक ठळक उदाहरण: वर्षात १८३ दिवसांहून जास्त स्पेनमध्ये राहिलात की तुम्ही इथले करनिवासी ठरता. भारतातली बँक खाती, शेअर-विमा आणि स्थावर या तीन गटांपैकी एखाद्याची किंमत ५०,००० युरोंच्या वर गेली तर मोदेलो ७२० हा फॉर्म १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात भरावा लागतो. पुण्यातला एखादा फ्लॅट ही मर्यादा सहज ओलांडतो. आणि हा फॉर्म फक्त ऑनलाइन भरता येतो.

अर्ज करण्याआधी स्वतःचं नाव तपासा. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, वडिलांचं आणि आईचं. मराठी पद्धतीचं 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' पाहून कारकून कधी वडिलांचं नाव पहिलं आडनाव म्हणून नोंदवतो. अर्जात 'प्रिमेर आपेयिदो' म्हणजे पहिलं आडनाव विचारलं जातं, आणि ते तुमच्या परदेशी ओळखपत्रावर जसं छापलं आहे अक्षरशः तसंच लिहावं लागतं, पासपोर्टवर काही का असेना. नोंदच चुकीची असेल तर ती आधी पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागात दुरुस्त करून घ्या. नंतर दुरुस्त केलीत तर प्रमाणपत्रही नवं काढावं लागेल.

नीए, म्हणजे परदेशी नागरिकाचा ओळख क्रमांक, हाही टंकताना चुकतो. त्याची रचना अशी: एक्स, वाय किंवा झेड, मग सात आकडे, शेवटी तपासणीचं अक्षर. एक्सच्या जागी ०, वायच्या जागी १, झेडच्या जागी २ धरा, तयार झालेल्या संख्येला २३ ने भागा, आणि बाकी पाहा. ० पासून मोजत अक्षरांचा ठरलेला क्रम आहे: टी, आर, डब्ल्यू, ए, जी, एम, वाय, एफ, पी, डी, एक्स, बी, एन, जे, झेड, एस, क्यू, व्ही, एच, एल, सी, के, ई. नमुन्याचा क्रमांक एक्स १२३४५६७ घेतला तर १२३४५६७ ला २३ ने भागून बाकी १९ उरते, म्हणून शेवटचं अक्षर एल. अक्षर जुळत नसेल तर एखादा आकडा चुकलाय.

आता पायऱ्या.

१. फायरफॉक्स एकदा उघडून बंद करा, म्हणजे त्याची प्रोफाइल, म्हणजे सेटिंग आणि प्रमाणपत्रं ठेवायचा फोल्डर, तयार होते. मग टांकसाळीच्या साइटवरून त्यांचा 'कॉन्फिगुरादोर' उतरवून बसवा. मिंटसाठी डेबियन पद्धतीचं पॅकेज घ्या.

२. साइटवर अर्ज भरा: नीए, पहिलं आडनाव, ईमेल. कॉन्फिगुरादोर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. तो लगेच कागदावर लिहा. उतरवून घेताना तोच विचारला जातो, आणि विसरलात तर सगळं पहिल्यापासून.

३. ईमेलवर अर्जाचा संकेतांक येतो. तो घेऊन आणि ओळखपत्र, पासपोर्ट बरोबर ठेवून नोंदणी कचेरीत जा. करखात्याची कचेरी चालते, पण तिथे 'सिता प्रेव्हिया', म्हणजे आधी वेळ, घ्यावी लागते. मोठ्या शहरांत वेळ मिळायला दिवस लागतात. शेजारच्या लहान गावातल्या कचेरीत बऱ्याचदा लवकर मिळते.

४. कचेरीतून परतल्यावर त्याच संगणकावरून, त्याच वापरकर्त्याच्या खात्यातून प्रमाणपत्र उतरवा. पायरी २ आणि ४ यांच्या मध्ये लिनक्स पुन्हा बसवू नका, फायरफॉक्सची प्रोफाइल साफ करू नका, डिस्क बदलू नका. खासगी किल्ली अर्जाच्या वेळीच तुमच्या यंत्रावर तयार झालेली असते, टांकसाळीकडे ती कधीच जात नाही. किल्ली हरवली तर तिकडून येणारं प्रमाणपत्र निरुपयोगी, आणि कचेरीतली फेरी फुकट.

५. उतरवताना प्रत ठेवायची का असं विचारलं जातं, होय म्हणा. नंतरही फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा या भागात प्रमाणपत्रं उघडून 'तुमची प्रमाणपत्रं' यातून प्रत काढता येते. पी-१२ नावाची ही फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक घरात आणि एक विश्वासू माणसाकडे. क्लाउडवर किंवा स्वतःलाच पाठवलेल्या ईमेलमध्ये नको. ही फाइल आणि पासवर्ड ज्याच्या हाती, तो तुमच्या नावाने कायदेशीर सही करू शकतो. हीच फाइल विंडोजवर बसवताना 'किल्ली निर्यात करता येईल' या खुणेवर टिक केली नाही, तर तिथून पुन्हा प्रत काढता येत नाही.

मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत नूतनीकरण घरबसल्या होतं, पण एकदाच. त्यापुढच्या वेळी पुन्हा कचेरी. मुदत उलटून गेली तर घरबसल्याची सोयही जाते, म्हणून कॅलेंडरात आधीच नोंद करून ठेवा.

ऑटोफिर्मा: इथे बहुतेकांचं अडतं

प्रमाणपत्राने लॉगिन होतं, पण कागदपत्र सादर करताना सही लागते, आणि ती करते ऑटोफिर्मा ही सरकारी आज्ञावली. ब्राउझर तिला हाक मारतो, ती संगणकावर चालू होऊन ब्राउझरशी एका स्थानिक जोडणीतून बोलते. त्यासाठी ती स्वतःचं एक छोटं प्रमाणपत्र फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये घालते. हे घालणं फसलं की पडद्यावर नुसतं गोल फिरत राहतं किंवा ऑटोफिर्मा सापडत नाही असा संदेश येतो.

म्हणून क्रम असा: फायरफॉक्स निदान एकदा उघडलेला असावा, बसवताना तो पूर्ण बंद असावा, जावा आणि एनएसएसची (फायरफॉक्सच्या प्रमाणपत्रांचा साठा हाताळणारी) साधनं आधी बसवलेली असावीत, मग ऑटोफिर्माचं पॅकेज. तरीही अडलं तर ऑटोफिर्मा उघडून 'एर्रामिएन्तास' या यादीतून 'रेस्ताउरार इन्स्तालासिओन' निवडा, मग फायरफॉक्स पुन्हा सुरू करा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. फायरफॉक्सच्या एकाहून जास्त प्रोफाइल असतील तर ऑटोफिर्मा डीफॉल्ट प्रोफाइलकडे बघते आणि प्रमाणपत्र दुसरीकडे असतं. क्रोम लिनक्सवर प्रमाणपत्रांचा वेगळाच साठा वापरतो, तिथे पी-१२ फाइल वेगळी आयात करावी लागते.

खऱ्या अर्जावर प्रयोग करू नका. 'वालीदे' या सरकारी साइटवर प्रमाणपत्र तपासता येतं आणि चाचणीची सहीही करता येते. मुदत संपायच्या रात्री करखात्याच्या पानावर पहिल्यांदा सही करून बघणं हा निव्वळ जुगार आहे.

घरचा सर्व्हर

फोटो, कागदपत्रांच्या स्कॅन प्रती, जाहिराती गाळणारा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा), एवढ्यासाठी छोटा सर्व्हर पुरतो. तो प्रमाणपत्राच्या लॅपटॉपवर चालवू नका. पूर्ण एन्क्रिप्ट केलेलं यंत्र वीज गेल्यावर आपोआप सुरू होत नाही, पासवर्डसाठी थांबून राहतं. शिवाय बाहेरून पोहोचता येणाऱ्या यंत्रावर सही ठेवणं बरं नव्हे.

खर्चाचा हिशोब: स्वस्थ बसलेला मिनी पीसी किंवा झाकण मिटलेला जुना लॅपटॉप साधारण १० वॅट ओढतो, वर्षाला ८७.६ युनिट. जुना डेस्कटॉप ६० वॅटने ५२५.६ युनिट. युनिटला ०.१५ युरो धरले तर एकाचे १३ युरो, दुसऱ्याचे ७९. वेळेनुसार दर असेल तर बॅकअपसारखी जड कामं रात्री १२ ते सकाळी ८ या स्वस्त टप्प्यात लावा. शनिवार-रविवार दिवसभर हाच दर असतो. सगळ्यात महाग टप्पे सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते दुपारी २ आणि संध्याकाळी ६ ते रात्री १०.

लॅपटॉप सतत प्लगला असला तर बॅटरीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. थिंकपॅडवर टीएलपी नावाच्या साधनाने हे होतं. सेव्हिया किंवा कोर्दोबाच्या उन्हाळ्यात बाहेर ४० अंशांच्या वर तापमान जातं, आणि पूर्ण चार्ज बॅटरी उष्णतेत फुगते. दिवसा पेर्सियाना, म्हणजे खिडकीबाहेरचा गुंडाळता पडदा, खाली ओढा, यंत्र कपाटात कोंडू नका. वालेन्सिया-मालागाच्या किनाऱ्यावर उलटा त्रास: हिवाळ्यात घरं गरम केलेली नसतात आणि दमटपणा आत मुरतो. बाहेरच्या भिंतीला लागून यंत्र ठेवू नका. तिथेच पाणी धरतं.

२८ एप्रिल २०२५ ला दुपारी १२:३३ वाजता सगळ्या द्वीपकल्पाची वीज एकदम गेली, आणि तासाभरात मोबाइलचं जाळंही ठिकठिकाणी कोलमडलं. तेवढ्या संकटाला घरचा यूपीएस पुरत नाही. पण रोजच्या मिनिट-दोन मिनिटांच्या खंडासाठी राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावणं परवडतं. आधी राउटरच्या चार्जरवरचा व्होल्ट आणि अँपिअर वाचा.

इंटरनेटचे दोन स्थानिक नखरे

पहिला सीजीनॅट. स्वस्त फायबर योजनांत एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरचं पोर्ट उघडूनही बाहेरून सर्व्हर गाठता येत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा दिसला तर हेच. कंपनीला स्वतंत्र पत्ता मागा, काही कंपन्या किरकोळ मासिक शुल्कात देतात. किंवा टेलस्केल वापरा; ही तुमची यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारी सेवा आहे, तिला उघडं पोर्ट लागतच नाही.

दुसरा फुटबॉलचा. बार्सिलोनाच्या न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशाच्या आधारे ला लीगा, म्हणजे स्पेनची फुटबॉल लीग, सामन्यांच्या वेळी चोरून प्रक्षेपण करणाऱ्या साइटचे पत्ते बंद करायला लावते. २०२५ च्या फेब्रुवारीपासून त्यात क्लाउडफ्लेअर या अनेक साइट एकाच पत्त्यामागे चालवणाऱ्या कंपनीचे सामाईक पत्तेही सापडू लागले, आणि त्यांच्या मागच्या निरपराध साइटही सामना संपेपर्यंत बंद पडतात. रविवारी संध्याकाळी एखादं पॅकेज उतरत नसेल तर सेटिंग बदलत बसण्यापूर्वी सामन्याचं वेळापत्रक बघा. फोनच्या डेटावरून किंवा व्हीपीएनमधून तीच साइट उघडली तर दोष तुमच्या यंत्राचा नाही.

भारताकडची बाजू

भारतातल्या काही सरकारी साइट परदेशातल्या पत्त्यावरून उघडत नाहीत. नाशिक-कोल्हापूरच्या घरी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) ठेवून टेलस्केलमध्ये त्याला 'एक्झिट नोड' केलं की तुमचं इंटरनेट हवं तेव्हा तिकडून बाहेर पडतं. पाय वीज आल्यावर आपोआप सुरू होतो, ही जमेची बाजू. पण वारंवार वीज गेली तर मेमरी कार्ड खराब होतं, म्हणून तो यूएसबी एसएसडीवरून चालवा किंवा फाइल सिस्टिम फक्त-वाचन करा. निघण्यापूर्वी दोन गोष्टी तिथेच करून घ्या: टेलस्केलच्या संकेतस्थळावर त्या यंत्राच्या किल्लीची मुदत बंद करणं, नाहीतर काही महिन्यांनी तो परत लॉगिन मागतो आणि घरी ते करायला कुणी नसतं, आणि भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करणं, म्हणजे बँकेचे ओटीपी इथे येतात.

वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार, आणि तो मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो. दोन्हीकडच्या यंत्रांवरची आपोआप चालणारी कामं यूटीसीवर, म्हणजे ऋतूनुसार न बदलणाऱ्या जागतिक वेळेवर, लावली तर त्या रात्री बॅकअप दोनदा होत नाही की चुकतही नाही.